‘तार्तू? ते कुठं आलं?’

पत्र

ताई, मी इचलकरंजीची, वय २४. कोल्हापूरला कॉम्प्युटरमध्ये बीई केलं, मग दोन वर्षं पुण्यात नोकरी. आता एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात सॉफ्टवेअरच्या दोन वर्षांच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. दोन्ही वर्षांची फी मिळून साधारण १३ लाख होते. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या एक वर्षाच्या कोर्सचंही पत्र आलंय, त्याची फी जवळजवळ दुप्पट. बाबांचे यंत्रमाग आहेत, धंदा गेली काही वर्षं रडतखडत चाललाय. ते ‘तुला योग्य वाटेल ते कर’ एवढंच म्हणतात. काका म्हणतात, ‘तार्तू? ते कुठं आलं? आपल्या जिल्ह्याएवढीसुद्धा वस्ती नाही त्या देशाची. तिथली डिग्री कोण विचारणार?’ आईचं एकच, ‘तिथं आपलं कोण आहे?’ मैत्रीण म्हणते, एकदा युरोपात शिर, मग जर्मनीत सरकता येतं. तार्तूचा अभ्यासक्रम मला मनापासून आवडलाय, पण रात्री झोप लागत नाही. एवढ्याशा देशात जाऊन मी स्वतःलाच लहान करून घेतेय का? माझं नाव छापू नका.

उत्तर

अगं, तुझं पत्र नेमकं माझ्याकडे आलं याचा मला फार आनंद झाला. मी २०१४ ते २०१६ ही दोन वर्षं तार्तूत शिकले. तुझ्या काकांचा प्रश्न मला माझ्या मामांनी विचारला होता, शब्द जवळजवळ हेच.

काकांचा हिशेब बरोबर आहे, हे आधी मान्य करू. २०११च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाखांच्या वर होती. अख्ख्या एस्टोनियाची १४ लाखांच्या आत आहे. तार्तू हे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर आणि त्याची वस्ती लाखाच्या आत. म्हणजे इचलकरंजीहून कितीतरी लहान गावात तू शिकायला निघाली आहेस. पण त्या लहान गावातलं विद्यापीठ १६३२ साली स्थापन झालंय. तेव्हा शिवाजी महाराज दोन वर्षांचे होते. काकांना हे एवढं सांग, बाकीचं नंतर.

आता तुझा शेवटचा प्रश्न. माझा अनुभव असा की लहान देशात माणूस लहान होत नाही, तो फार स्पष्ट दिसायला लागतो. लंडन-मँचेस्टरला तू हजारो भारतीय विद्यार्थ्यांतली एक असशील. चार मराठी मुलींसोबत खोली घेशील, आपल्याच लोकांत राहशील, आठवड्याचा डबासुद्धा लावता येईल. त्यात वाईट काही नाही, त्याचा आधार मोठा असतो. तार्तूत ती सोय नाही. वर्गात माणसं मोजकी, गाव चालत पालथं घालता येईल एवढं. बुधवारच्या तासाला तू आली नाहीस हे सरांना कळतं आणि गुरुवारी तेच सर तुला बाजारात बटाटे घेताना भेटतात. चांगलं काम केलंस तर महिन्याभरात विभागात सगळ्यांना माहीत होतं. टंगळमंगळ केलीस तरी होतं. गर्दीत लपून दोन वर्षं काढायची सोय त्या देशात नाही. मला तेच मानवलं, काहींना अजिबात मानवत नाही. माझ्या वेळचा एक हुशार मुलगा पहिल्या सेमिस्टरनंतर परत गेला आणि त्याच्यासाठी ते योग्यच होतं. तू कोणत्या प्रकारातली आहेस, हे पुण्यातल्या तुझ्या दोन वर्षांवरून तुला कळेल. नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी तू आपणहून जाऊन कुणाशी बोललीस, की कुणीतरी येऊन बोलेल म्हणून थांबलीस? हा प्रश्न स्वतःला खरेपणाने विचार.

डिग्रीचं बोलू. लहान देशाला सगळंच करणं परवडत नाही. म्हणून तो चार गोष्टी निवडतो आणि त्यात जीव ओततो. मी चिन्हशास्त्र, म्हणजे खुणा-चिन्हांतून अर्थ कसा तयार होतो याचा अभ्यास, शिकायला गेले होते. या विषयाचं जगातलं सर्वात जुनं नियतकालिक १९६४ साली तार्तूतच सुरू झालं, या विषयातले मोठे अभ्यासक यूरी लोटमन तिथेच शिकवत. माझ्या विषयातल्या माणसाला तार्तू म्हणजे कुठं, हे सांगावं लागत नाही. तुझ्या विषयाचंही तसंच आहे. या देशाने १९९१ साली सोव्हिएत राजवटीतून बाहेर पडल्यावर सरकारी कारभार कागदावरून संगणकावर नेला. २००२ पासून ओळखपत्राच्या चिपवर डिजिटल सही आहे आणि ती कायद्याने हातच्या सहीइतकीच मानली जाते. २००५ साली तिथे देशभरच्या निवडणुकीत इंटरनेटवरून मतदान झालं. स्काइपचं सॉफ्टवेअर राजधानी टॅलिनच्या मुलांनी लिहिलं. सॉफ्टवेअर शिकणाऱ्या मुलीला रोज वापरून बघता येईल अशी ही प्रयोगशाळा आहे. डॉक्टरची चिठ्ठी, घराचा करार, परीक्षेचा निकाल, सगळं एका ११ आकडी ओळख क्रमांकाभोवती फिरतं. त्याला ते ‘इसिकुकोड’ म्हणतात. तो हातात येईपर्यंत तू तिथे अर्धीमुर्धीच असतेस, म्हणून पोचल्यावर पत्ता नोंदवणं आणि ओळखपत्र घेणं ही कामं एक दिवसही लांबवू नकोस.

तरीही पुण्यात परत आलीस तर एखादा एचआरवाला ‘ही कुठली युनिव्हर्सिटी?’ असं विचारेलच. मलाही विचारलंय. दोन मिनिटं वाईट वाटतं, मग तो तुझं काम बघतो. नावावर वजन पडावं एवढ्यासाठीच परदेशी जायचं असेल, तर तार्तू नको. पण मग ते दुप्पट फीचं इंग्लंडही तुझ्या कामाचं आहे का, हे तितक्याच कडकपणे तपास. एका वर्षाच्या कोर्समध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो. रुळेपर्यंत प्रबंधाचे दिवस येतात.

मैत्रिणीच्या सल्ल्यावर मात्र मी ठाम विरोधात आहे. ‘एकदा शिर, मग सरक’ हे मलाही एका एजंटाने पैसे घेऊन ऐकवलं होतं. एस्टोनियाच्या परवान्यावर तुला शेंगेन देशांत, म्हणजे आपसात सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत, फिरता येतं, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत. जर्मनीत नोकरी करता येत नाही. त्यासाठी जर्मनीचा वेगळा परवाना लागतो आणि तो मिळवायचा तर इचलकरंजीतून अर्ज केलास काय आणि तार्तूतून केलास काय, जर्मनीच्याच अटी पुऱ्या कराव्या लागतात. पण खरं नुकसान त्याहून मोठं आहे. जो येताना पुढच्या गाडीचं तिकीट मनात घेऊन येतो, तो त्या गावात सामान उघडतच नाही. भाषा शिकत नाही, मित्र करत नाही, आणि दोन वर्षांनी त्याच्या हातात ना इथलं काही असतं ना तिथलं. जर्मनीला जायचं असेल तर सरळ जर्मनीला जा. तार्तूला जायचं तर तार्तूसाठी जा.

आता आईचा प्रश्न. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण तिथं आपलं कोण आहे याचं उत्तर पहिले तीन महिने ‘कुणी नाही’ असंच असतं.

ऑगस्टअखेर पोचशील तेव्हा सगळं सुंदर दिसेल. एमायोगी नदीच्या काठी लोक उन्हात पहुडलेले असतील, टोमेमेगीच्या टेकडीवर झाडांत जुन्या चर्चचे अवशेष, चौकात छत्रीखाली चुंबन घेणाऱ्या विद्यार्थ्यांचं कारंजं. फोटो काढून घरी पाठव. मग ऑक्टोबर संपतो आणि अंधार यायला लागतो. डिसेंबरात तिथे सूर्य नवाच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साडेतीनच्या आत मावळतो. मधल्या वेळातही ढग असले की दिवा लावूनच वाचायचं. सर्वांत अवघड महिना नोव्हेंबर, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. थंडी कमी असते, पण बर्फ नसतो, आणि ओली काळी जमीन उरलासुरला उजेडही गिळते. बर्फ पडला की तोच उजेड परावर्तित होतो आणि गाव एका रात्रीत उजळतं. तेव्हा उणे १५ची थंडी परवडते, नोव्हेंबर परवडत नाही. पहिल्या नोव्हेंबरात मी रोज दुपारी झोपायला लागले, जेवण टाळायला लागले, आईचा फोन घ्यायचंही टाळलं. मला वाटलं, मी आळशी झालेय. विद्यापीठाच्या समुपदेशकाने पहिलाच प्रश्न विचारला, ‘दुपारी बाराला बाहेर पडतेस का?’ नव्हते पडत. म्हणून तू ड जीवनसत्त्व ऑक्टोबरपासूनच डॉक्टरला विचारून सुरू कर, दुपारी अर्धा तास बाहेर चाल, आणि मन उतरायला लागलं तर समुपदेशकाकडे डिसेंबरपर्यंत वाट न बघता जा. आणि आईचा फोन घे. भारताची वेळ हिवाळ्यात तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. तिथे दुपारचे चार वाजले की इथे साडेसात, आई दिवाबत्ती करून बसलेली असते. ती वेळ ठरवून टाक.

माणसांचं सांगते. एस्टोनियन माणूस गप्प असतो. बसमध्ये गप्प, लिफ्टमध्ये गप्प, शेजारी राहूनही गप्प. कारण नसताना हसत नाही, ‘जेवलीस का?’ विचारत नाही. माझी खोलीतली मुलगी दक्षिणेकडच्या एका खेड्यातली होती. पहिले तीन आठवडे ती ‘तेरे’, म्हणजे नमस्कार, याखेरीज काही बोलली नाही. तिला मी आवडत नाही अशी माझी खात्री झाली होती. मग एके दिवशी वर्गातून आले आणि कोट काढताना दिसलं, खिशाला एक चकाकणारी पट्टी टाचणीने अडकवलेली. तिला ‘हेल्कुर’ म्हणतात. अंधारात पायी चालणाऱ्यानेही ती लावलीच पाहिजे असा तिथला कायदा आहे, गाडीवाल्याला माणूस दिसावा म्हणून. मला ते माहीत नव्हतं, तिच्या लक्षात आलं होतं. ती काहीच बोलली नाही, मीही ‘ऐता’, म्हणजे धन्यवाद, एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून आमची मैत्री आहे, आजही. तिथली माया अशी असते, तोंडाने बोलत नाही. ती ओळखायला थोडा वेळ दे.

नाताळात ती मला आपल्या आजीच्या शेतघरी घेऊन गेली. तिथे माझ्याकडून एक चूक झाली, ती तुझ्याकडून होऊ नये म्हणून सांगते. बर्फ, लाकडी घर, भिंतीतली शेगडी बघून मी बोलून गेले, ‘अगदी रशियासारखं आहे!’ टेबलावर एकदम शांतता पसरली. नंतर मैत्रिणीने सांगितलं. १९४९ च्या मार्चमध्ये चार दिवसांत वीस हजारांहून जास्त माणसं त्या देशातून गुरांच्या वॅगनमध्ये घालून सायबेरियाला नेली गेली, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. आजी त्यांतली एक होती, तेव्हा नऊ वर्षांची. मी दुसऱ्या दिवशी आजीची माफी मागितली. तिने माझ्यापुढे वाटी सरकवली. त्यात ‘कामा’ होतं, म्हणजे जव, राय, ओट आणि वाटाणे भाजून केलेलं पीठ, ताकासारख्या आंबट दुधात कालवलेलं. एक घास घेतला आणि मला आमच्या घरचं सातूचं पीठ आठवलं. मी तिथेच रडले. आजी मैत्रिणीमार्फत म्हणाली, ‘यात्कु लैबा.’ जेवणाऱ्याला म्हणायची तिथली रीत आहे ती. तुझी भाकरी तुला पुरत राहो, असा तिचा अर्थ.

हे का सांगितलं? तिथे जाणारी आपली मुलं त्या देशाला सहज ‘रशियाकडचा’ म्हणून टाकतात. युक्रेनवर २०२२ साली हल्ला झाल्यापासून तर ही जखम ताजी आहे आणि भारताची भूमिका काय, हे तुला कुणीतरी नक्की विचारेल. सरकारची वकिली करायला तू तिथे गेलेली नसशील. ऐकून घे, तुझं मत असेल ते सांग, आणि त्यांच्या घरात काय घडलंय ते आधी विचार. तिथे रशियन बोलणारेही पुष्कळ आहेत, काही तुझ्या वर्गातही असतील. त्यांचं दुःख आणखी वेगळं आहे.

आणि भाषा. सगळे सांगतील, इंग्रजीवर भागतं. भागतं, खरंच भागतं. तरीही शिक. एस्टोनियन बोलणारी माणसं जगात जेमतेम अकरा लाखांच्या आसपास आहेत. मराठी आपण आठ कोटींहून जास्त माणसं बोलतो. तरी इंजिनिअरिंग मराठीतून शिकवायचं म्हटलं की आपण हसतो. तार्तू विद्यापीठात शतकानुशतकं लॅटिन, जर्मन, रशियन यांतून शिकवलं गेलं. १९१९ साली त्याचं एस्टोनियन विद्यापीठ झालं, आणि वैद्यक, भौतिकशास्त्र, कायदा, सगळ्याचे शब्द त्या माणसांनी आपल्या भाषेत घडवले. आज तिथे एस्टोनियन माध्यमातलं पूर्णवेळ शिक्षण फीशिवाय मिळतं. तुझ्यासारख्यांसाठी इंग्रजी वर्ग वाढले की विद्यापीठातून आपली भाषा मागे पडेल ही भीती तिथल्या लोकांना वाटते, वर्तमानपत्रांत त्यावर वाद होतात. त्यांची भीती मला मराठी बाई म्हणून पुरती समजते. तू त्यांची भाषा शिकायला लागलीस की तुझ्याकडे बघण्याची नजर बदलते. दुकानात, दवाखान्यात, नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा.

लोक तुला चौदा विभक्त्यांची भीती घालतील. आपल्याला घाबरायचं कारण नाही. इंग्रजी माणसाला ‘घर’ या शब्दाबाहेर आणखी एक वेगळा शब्द उभा करावा लागतो, आपण शब्दालाच शेपूट लावतो, घर, घरात, घरातून. एस्टोनियनही तेच करते. तार्तूस म्हणजे तार्तूत, तार्तुस्त म्हणजे तार्तूहून. लिंगं तर नाहीतच, तो आणि ती दोघांना ‘ता’. आणि घराला त्या भाषेत काय म्हणतात ठाऊक आहे? ‘माया’. घरात म्हणायचं तर ‘मायास’. पहिल्या तासाला बाईंनी फळ्यावर हा शब्द लिहिला तेव्हा वर्गात मी एकटीच हसत होते. पुढे त्या देशात कायमचं राहावंसं वाटलं तर बी-१, म्हणजे भाषेच्या मधल्या पातळीची, परीक्षा लागतेच, नागरिकत्वालाही तीच. पण ती पुढची गोष्ट. पहिल्या सेमिस्टरलाच विद्यापीठाच्या भाषावर्गात नाव घाल.

काकांसाठी आणखी एक गोष्ट. यजुर्वेदाच्या मैत्रायणी संहितेची पहिली छापील आवृत्ती १८८१ ते १८८६ या काळात निघाली. ती संपादित करणारा लेओपोल्ड फॉन श्रोडर जन्माने तार्तूचा होता आणि तिथल्याच विद्यापीठात शिकवत होता. ही वेदशाखा ज्या घरांनी जपली ती आपल्या नाशिक-खानदेशातली. तेव्हा तार्तूला आपला पत्ता जवळजवळ दीडशे वर्षांपासून माहीत आहे.

पैसे. बाबा ‘तुला योग्य वाटेल ते कर’ म्हणतात तेव्हा ते गप्प राहून हिशेब करत असतात. यंत्रमागवाला माणूस दर महिन्याला विजेचं बिल आणि सुताचा भाव बघून झोपतो. त्याच्यापुढे स्वप्न ठेवू नकोस, वही ठेव. युरोचा आजचा भाव धरून सगळं रुपयांत मांड. फी, खोली, खाणं, आरोग्य विमा (युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला तिथला सरकारी विमा लागू होत नाही, खासगी घ्यावा लागतो), जायचं-यायचं विमान, पहिल्या हिवाळ्याचा कोट आणि बूट. बूट इथून नेऊ नकोस, तिथे घे. बर्फावर घसरणार नाहीत असे सोल इथे सहज मिळत नाहीत. विद्यार्थी वसतिगृह स्वस्त पडतं पण जागा लवकर संपतात, अर्ज सुरू झाला त्याच दिवशी भर. फीमाफीच्या जागा असतात. तुझ्या प्रवेशपत्रात तसा उल्लेख नसेल तर विभागाला एक साधा मेल कर, विचारण्यात काही जात नाही.

कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात. तारण म्हणून घर ठेवायचं की माग असलेला गाळा, हे बाबांनी ठरवावं आणि तुझ्यासमोर ठरवावं. हप्ता किती, कधीपासून, नोकरी सहा महिने लागली नाही तर कोण भरणार, हे त्या वहीत लिहा. इंग्लंडचाही असाच कागद मांडा. दोन कागद शेजारी ठेवले की घरातले निम्मे वाद संपतील.

त्या वहीत एक आकडा मात्र लिहू नकोस, ‘तिथे पार्टटाइम करून कमवीन’. तिथे एका क्रेडिटचं काम २६ तास धरतात, २० आठवड्यांच्या सेमिस्टरला ३० क्रेडिट. म्हणजे ७८० तास, आठवड्याला ३९. ती अख्खी एक नोकरीच झाली. वर रात्री सायकलवर जेवणाचे डबे पोचवणारे आपले किती मुलगे मी बघितलेत, आणि मार्चमध्ये क्रेडिट अपुरे पडल्यावर त्यांचे चेहरेही. राहण्याचा परवाना पूर्णवेळ विद्यार्थी असण्यावर टिकून असतो, आणि पूर्णवेळ म्हणजे अपेक्षित क्रेडिटपैकी किमान ७५ टक्के. ते घसरलं की फी बुडते, परवानाही. तुझ्याकडे दोन वर्षांचा अनुभव आहे. पहिलं वर्ष नीट केलंस तर तुझ्याच क्षेत्रातलं काम बघता येईल. टॅलिनच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत कामाची भाषा पुष्कळदा इंग्रजी असते. पण बाजार लहान आहे. तिथे जागा निघतात त्या दहा-वीस, हजारांनी नाही, हे डोक्यात ठेव.

कागदपत्रांसाठी दिल्लीला जावं लागेल, एस्टोनियाचा दूतावास तिथे आहे आणि तुला स्वतः हजर राहावं लागतं. प्रवेश मिळालेले सगळे एकाच मोसमात तारखा मागतात. कामाचे, शिक्षण संपल्यावर थांबण्याचे, कुटुंबाला नेण्याचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत आलेत. म्हणून माझ्या वेळचा नियम किंवा कुणा सीनियरचा व्हिडिओ धरून चालू नकोस, तिथल्या पोलीस आणि सीमारक्षण मंडळाच्या पानावर त्या दिवशी जे लिहिलंय तेवढंच खरं मान. एजंटाला पैसे देऊ नकोस. विद्यापीठाचे लोक मेलला उत्तर देतात, थोडक्यात देतात, पण नेमकं देतात.

माझं मत विचारशील तर, अभ्यासक्रम मनापासून आवडलाय आणि वहीतला हिशेब बाबांच्या झेपेतला निघाला, तर तार्तूला जा. हिशेब झेपेबाहेर निघाला तर एक वर्ष पुण्यातली नोकरी करून पैसे साठव आणि पुन्हा अर्ज कर. विद्यापीठ १६३२ सालचं आहे, पुढच्या वर्षीही असेल. इंग्लंडला जायचं मन असेल तर ते मनाने जा, काकांचं तोंड गप्प करण्यासाठी नको.

दिल्लीच्या तारखेसाठी या आठवड्यातच प्रयत्न कर. आईला सांग, ऑगस्टच्या बॅगेत मेतकुटाचा आणि गोड्या मसाल्याचा डबा हवा. तांदूळ आणि मसूर तिथल्या कुठल्याही दुकानात मिळतात. सातूच्या पिठाची गरज नाही, ते तिथे ‘कामा’ या नावाने मिळेल. आणि कोटाच्या खिशाला हेल्कुर. माझी ती पट्टी अजून कपाटात आहे. पत्ता कळवलास तर पाठवून देईन.